मागची सीट

महिपतीने पांढऱ्या मारुतीच्या मागच्या दारातून अर्धं अंग आत घातलं, सीट आणि तिची पाठ यांच्यामधल्या फटीत नाक खुपसलं आणि डोळे मिटून चांगला लांबलचक श्वास घेतला. बाहेर संजीवनीबाई पदर सावरत उभ्या होत्या. हा माणूस आधी वास घेतो, हसायचं नाही, असं त्यांच्या नवऱ्याने, हरिचंद्रने, घरूनच बजावून ठेवलं होतं. हरिचंद्र स्वतः मात्र तोंड फिरवून उभा होता.

"कुबट झालीय," महिपती बाहेर येत म्हणाला. "कापड नाय, आतला फोम. पावसात काच उघडी राहिली होती काय?"

"आमच्या अक्षयचं काम," हरिचंद्र म्हणाला. "रात्रभर उघडी. मी बोललो होतो हिला, महिपती ओळखणार."

"रविवारी लग्न आहे हो," संजीवनीबाई म्हणाल्या. "किर्तीचं. सगळे सांगतायत, भाड्याची मोठी गाडी आणा, आजकाल कोण असल्या डब्यातून जातं. तर ही म्हणते, जाणार तर बाबांच्याच गाडीतून. आता ऐकत नाही म्हटल्यावर काय करणार? वास तेवढा जायला हवा. शालू मोतिया रंगाचा घेतलाय."

"शनिवारी संध्याकाळी न्या," महिपती म्हणाला. "तिला वाटायचं नाय जुनी गाडी हाय म्हणून."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये चेतनदास शेठचं सीट कव्हरचं दुकान आहे. पुढे रेक्झिनचे रंगीबेरंगी गठ्ठे, काचेत टांगलेले चकचकीत नमुने, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये महिपती. सगळी दुनिया रेक्झिनवर गेली तरी ज्यांच्या गाडीत अजून कंपनीचं मूळ कापड आहे आणि ज्यांना ते टिकवायचं आहे, अशी चार माणसं अधूनमधून येतात. ती मागे पाठवली जातात. चेतनदासचं म्हणणं सरळ होतं, की वरून कव्हर चढवा, खाली काय आहे ते कोण बघतो. हे तत्त्व तो सीटपुरतंच पाळत होता असंही नाही. पण महिपतीला त्याने कधी काढलं नाही, आणि महिपतीला जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

हरिचंद्रची गाडी नवी होती तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी या शेडमध्ये येत असे. बदलापूरला त्यांचं घर कुठल्या गल्लीत आहे हे महिपतीला ठाऊक नव्हतं, पण घरातली माणसं त्याला सीटवरून पाठ झाली होती. पुढच्या सीटच्या पाठीवर आधी इवल्या बुटांचे ठसे असायचे, मग जरा मोठ्या बुटांचे, आणि एका वर्षी ते थांबलेच. पोरीचे पाय खाली टेकायला लागले, हे त्या घरात बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण महिपती त्या दिवशी ब्रश हातात धरून उगाच हसत बसला होता. मागे डाव्या खिडकीखाली दर वर्षी ओकारीचा आंबट वास असायचा, त्यावरून पोरीला गाडी लागते हेही त्याने ओळखलं होतं. संजीवनीबाईंच्या डोक्याचं तेल बदललं ते त्याला कळलं. हरिचंद्रने तंबाखू सोडली तेही कळलं. एका वर्षी मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याला दवाखान्याचा वास होता, स्पिरिटचा आणि औषधी तेलाचा. पुढच्या वर्षी तो नव्हता. म्हातारी गेली, असं महिपतीने मनाशी म्हटलं आणि त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. ज्या म्हातारीला त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, तिचं सुतक.

स्वतःचं म्हणावं तर त्याचं अंबरनाथला बुवापाड्यात एका खोलीचं घर होतं आणि चामटोलीला भाऊ जनू. जनू धाकटा, पण त्याचं लग्न आधी झालं, कारण मुलगी सांगून आली होती. मग बहिणीचं झालं. मग घराचं छप्पर आलं, मग विहीर. महिपतीच्या लग्नाचा विषय ज्या ज्या वेळी निघाला त्या त्या वेळी तो नेमका कामावर होता, आणि नवरामुलगा हजर नसताना बोलणी तरी किती पुढे सरकणार? पुढे विषय निघायचा थांबला. आता तो साठीला आला होता आणि घरी गेल्यावर रेडिओ लावायचा, तो ऐकायला नाही, खोलीत कुणीतरी बोलत असावं म्हणून. एकटेपणाची त्याला सवय झाली होती असं लोक म्हणत. सवय झाली की दुखत नाही, असं म्हणणाऱ्यांना दोन्हीतलं काहीच माहीत नसतं.

तर अशा माणसाच्या शेडमध्ये किर्तीच्या लग्नाची गाडी आली होती.

"फोमला पाणी नको मारू," चेतनदासने दुपारीच बजावलं. "थंडी आहे, वर ढग आहेत. पावडर मार, सेंट मार, देऊन टाक. एक दिन का मामला है, साईं."

"सेंटाखाली कुबट वास राहतोच शेठ. नुसता सेंट उडाला की परत येतो."

"तोपर्यंत लडकी ससुराल पोचेल ना?"

महिपती पान्हा घेऊन गाडीत शिरला. त्याने आधी मागची, मग पुढच्या सीट खोलल्या, खालच्या तारेच्या रिंगा एकेक करून तोडल्या आणि कापड फोमपासून सोडवलं. राखाडी कापडावर निळे ठिपके होते, आणि ते ठिपके अजून निळेच होते ते त्याच्यामुळे, कारण तो साबणाची पावडर कधी लावत नसे. रिठे उकळून गार केलेल्या पाण्यात त्याने कापड बुडवलं, हातानेच दाबलं, पिळलं नाही. पाठीला एके ठिकाणी शिवण उसवली होती तिथे बसून त्याच रंगाच्या दोऱ्याने टाके घातले. आणि मग जे सहसा तो करत नसे तेही केलं: फोमचे गठ्ठे हौदात घालून पायाने तुडवून धुतले, काळं पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत. मुलगी सासरी निघताना तिच्या नाकाला ओल लागू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. साध्या गिऱ्हाइकासाठी त्याने हे केलं नसतं, आणि इथेच त्याचं चुकलं.

पुढच्या सीटचे फोम सुटे आणि पातळ, ते पत्र्यावर टाकल्यावर वाळले. मागचा म्हणजे अखंड जाड गादी. दोन दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. वरून हात लावला तर कोरडं, तळहाताने जोर दिला की आतलं पाणी वर यायचं. शुक्रवारी सकाळी महिपतीने कापड चढवून, नव्या रिंगा मारून सीट गाडीत बसवून पाहिली. माप जुळलं. आता शनिवार संध्याकाळपर्यंत दारं उघडी टाकायची, पंखा लावायचा आणि उरलेली ओल काढायची, असा त्याचा बेत होता.

शुक्रवारी दुपारीच गाडी न्यायला मंडळी आली. संजीवनीबाई, त्यांचा मुलगा अक्षय, आणि त्यांच्याबरोबर खुद्द किर्ती, दोन्ही हातांवर मेंदी.

"पाहुणे आजच टपकले हो," संजीवनीबाई म्हणाल्या. "स्टेशनवरून आणायला गाडी नाही. झालंय ना?"

महिपती तोंड उघडणार तेवढ्यात किर्तीने मागचं दार कोपराने ढकललं आणि आत वाकली. मेंदीचे हात वर धरून तिने गाल सीटच्या पाठीला लावला.

"आई, बघ ना. अगदी आपण पहिल्यांदा आणली तशी." ती वळली. "तुम्हीच ना महिपतीकाका? बाबा नेहमी सांगतात तुमच्याबद्दल. लग्नाला यायचं हं, काका. नक्की यायचं. आई, पत्रिका दिलीस का यांना?"

पत्रिका पर्समध्ये होती ती निघाली. वर घाईघाईने 'महिपतीभाऊ' लिहिलं गेलं. आयुष्यभर ज्याच्या नावाची पत्रिका 'जनू आणि परिवार' यातल्या परिवारात येत होती, त्या माणसाने ती दोन्ही हातांनी घेतली.

"झालंय ना मग?" संजीवनीबाईंनी पुन्हा विचारलं.

"झालं," महिपती म्हणाला.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत राहिला. मागे चेतनदास येऊन उभा होता.

"गीला सीट दिला तू."

"पुढच्या कोरड्या हायत."

"दुल्हन पुढे बसणार काय, ड्रायव्हरच्या बाजूला?" चेतनदासने कपाळाला हात लावला. "फोन कर. सांग, परत आणा."

शनिवारी महिपतीने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सांगणार काय? काल झालं म्हटलं, आज झालं नाही म्हणतो? तिकडे हळद चालू असेल, घर माणसांनी भरलेलं असेल, आणि त्यात ओल्या सीटची बातमी. त्याला लाज वाटली. त्याहून मोठी एक भीती होती, आणि ती तो स्वतःशीही नीट बोलला नाही: फोन केला की तो पुन्हा नुसता सीटवाला झाला असता. कालपासून तो काका होता. त्याने फोन केला नाही.

त्याऐवजी त्याने बाजारातून एक करड्या रंगाची तयार पँट घेतली आणि आहेराला एक डबल बेडची चादर, पिवळ्या फुलांची. रविवारी सकाळी बुवापाड्यातून निघाला तेव्हा त्याच्या एका हातात आहेराची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात धुऊन मऊ झालेल्या जुन्या टॉवेलांचं बोचकं. शेजारच्या बाईने विचारलं, "लग्नाला की गाडी धुवायला?" तो म्हणाला, "दोन्हीला."

बदलापूरच्या हॉलवर सनई लागलेली होती. दारात एका मुलीने त्याच्यावर अत्तर मारलं, दुसरीने तळहातावर अक्षता ठेवल्या आणि आत जायला सांगितलं. तो आत गेला नाही. हॉलच्या मागच्या बाजूला झाडाखाली गाडी उभी होती, बॉनेटवर फुलांची जाळी, काचेवर 'किर्ती' आणि शेजारी नवऱ्यामुलाचं नाव. नेमकं त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, आणि गाडी बरोबर सावलीत.

अक्षय फेटा सावरत तिकडून जात होता, त्याला त्याने गाठलं.

"गाडी जरा उन्हात घेता काय?"

"फुलं सुकतील काका. डेकोरेशनवाला ओरडेल."

"मग चावी द्या. मागची सीट एकदा बघून घेतो."

"आता? अहो मस्त झालीय. डाग नको म्हणून आईने परवापासून वर जाड सतरंजी टाकून ठेवली होती, आजच काढली. चला आत, मुहूर्त होईल." पण त्याला कुणीतरी हाक मारत होतं. त्याने चावी टाकली आणि पळाला.

महिपतीने आत बसून सीटवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि त्यावर गुडघा रोवला. कागद काळा पडला. डोळ्यांपुढे तो मोतिया शालू आला, आणि नव्या घरी गाडीतून उतरणारी पोर, सगळ्या सासरच्या बायकांसमोर, मागून भिजलेली. लोक सीटला हसत नाहीत, माणसाला हसतात. तो हसण्याचा आवाज त्याला आत्ताच ऐकू आला.

त्याने चारही दारं उघडली. टॉवेल पसरला आणि त्यावर बसला, जोर देऊन. देवाने अंगावर मांस दिलं असतं तर आज उपयोगी पडलं असतं, पण तेही जेमतेमच दिलं होतं. तो बसायचा, उठायचा, टॉवेल काढून झाडाच्या बुंध्याशी पिळायचा, दुसरा पसरायचा, अर्धी वीत सरकून पुन्हा बसायचा. डाव्या मुठीत अक्षता होत्या, त्या घामाने चिकट झाल्या. आत मंगलाष्टकं सुरू झाली. लाउडस्पीकरचा कर्णा बरोबर त्या झाडावर होता, त्यामुळे लग्न त्याला आतल्या पाहुण्यांपेक्षा मोठ्याने ऐकू येत होतं. प्रत्येक 'सावधान'ला तो बसल्या जागी थोड्या थोड्या अक्षता समोर टाकत राहिला. मंत्र संपले, टाळ्या झाल्या, बँड वाजला. महिपतीचे डोळे भरून आले आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतः धुतलेल्या गाडीत सगळीकडे तांदूळ केलेत. ते त्याने पालथं पडून एकेक दाणा वेचून काढले.

पंगती बसल्या. मसालेभाताचा वास आला. तो टॉवेल पिळत होता. टॉवेल संपले, म्हणजे सगळे ओले झाले, तरी कागद अजून कडेला दमट येत होता. मघापेक्षा कितीतरी कमी, पण येत होता. प्लॅस्टिक घातलं असतं तर काम झालं असतं. पण प्लॅस्टिक चुरचुर वाजतं, आणि कापडाच्या सीटवर प्लॅस्टिक घालणाऱ्यांना महिपती जन्मभर मनातून शिव्या देत आला होता. त्याने आहेराची पिशवी उघडली. चिठ्ठी काढली, टाचण्या काढल्या, नवी करकरीत चादर चौघडी केली आणि या दारापासून त्या दारापर्यंत अंथरली, कडा फटीत नीट खोचल्या. वर कागद ठेवून गुडघा रोवला. कागद कोरडा राहिला.

तेव्हा त्याला जेवणाची आठवण झाली. तो उतरला, पँट झटकायला हात मागे नेला, आणि हात ओला झाला. करड्या पँटवर पाणी लपत नाही. मागचा सगळा भाग, मांड्यांपर्यंत, गडद काळा. दोन मुलं पलीकडे फुगा खेळत होती; त्यातलं एक म्हणालं, "अंकलने सूसू किया," आणि दोघं फिदीफिदी हसत आत पळाली.

स्टेजवर जाऊन वधूवरांना भेटायची रांग लागली होती. त्याला रांग दिसत होती. हातात आता आहेर नव्हता आणि पाठ कुणाला दाखवता येत नव्हती. तो हॉलच्या कडेच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

उन्हं कलली तशी पाठवणी निघाली. किर्ती आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या, मग अक्षयच्या. रडून तिचं नाक लाल झालं होतं. ती महिपतीपासून हाताच्या अंतरावरून गेली, पण तिला त्या वेळी कुणीच दिसत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. ती वाकून आत शिरली, शालू गोळा करून बसली. महिपतीने श्वास रोखला. ओल लागली की माणूस लगेच अंग उचलतो. कितीही रडत असला तरी उचलतो. तिने उचललं नाही. शेजारी नवरा बसला, त्यानेही नाही. पिवळ्या फुलांच्या चादरीकडे कुणी पाहिलंही नाही, आणि गाडी निघाली.

हरिचंद्र रुमालाने डोळे पुसत मागे वळला तेव्हा त्याला भिंतीशी महिपती दिसला.

"अरे महिपती, आलास होय? जेवलास ना?"

"झालं," महिपती म्हणाला.

"बरं झालं." हरिचंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रडणाऱ्या बायकोला सावरत आत गेला. सगळीच मंडळी आत गेली. महिपती मात्र पँट वाळेपर्यंत तिथून हलू शकत नव्हता. तो उभा होता आणि त्याला रडू येत होतं. ते पँटसाठी नव्हतं. आता पुढच्या दिवाळीला ती गाडी येईल तेव्हा तिच्यात एक माणूस कमी असेल, हे त्याला एकट्यालाच कळत होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे कळत नव्हतं.

वऱ्हाडाची बस फाटकाबाहेर घरघरत उभी होती. एक म्हातारी बाई काठी टेकत, गुडघा धरत धरत सगळ्यांच्या मागून चालली होती. दम घ्यायला ती भिंतीशी थांबली आणि शेजारी डोळे पुसणारा माणूस बघून तिने विचारलं, "मी जिजा, नवऱ्यामुलाची आत्या. शहाडची. तुम्ही कुणाकडचे?"

महिपतीने डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

"मुलीकडचा," तो म्हणाला.

आत्याबाईंनी काठी काखेत घेतली आणि हात जोडले. "मग आता डोळ्यांत पाणी आणू नका बाबा. लेक तुमची, पण आता आमची झाली. सुखात राहील."

मुलीकडच्याने यावर काय म्हणायचं असतं ते महिपतीला माहीत होतं. बहिणीच्या लग्नात त्याच्या बापाने म्हटलेलं त्याने ऐकलं होतं. स्वतः म्हणायची वेळ मात्र कधी आली नव्हती. त्यानेही हात जोडले.

"काय चुकलं-माकलं तर पदरात घ्या," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि तिला गाडी लागते. लहानपणापासून. ती स्वतःहून सांगायची नाय, लाजेल. घाटातनं कुठं जायचं झालं तर खिडकीशी बसवा. डाव्या बाजूला."

"सांगते पोराला," आत्याबाई म्हणाल्या. "बरं केलंत सांगितलंत. असं घरचंच माणूस सांगतं."

बसने हॉर्न दिला. दोघांतिघांनी आत्याबाईंना हाताला धरून वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या आणि काचेतून त्यांनी महिपतीला हात हलवून दाखवला. तो भिंत सोडून फाटकापर्यंत पुढे गेला. हॉलमधली सगळी माणसं त्याच्या पाठीमागे होती, आणि पँट अजून ओलीच होती. मुलीकडच्या माणसाने थांबावं तसा, तो बस वळेपर्यंत हात हलवत थांबला.